तीन मिनिटांची पानगळ

सप्टेंबर सरला की आमच्या न्यू जर्सीत घरांच्या पायऱ्यांवर भोपळे येतात आणि हिरवळींवर पाट्या. यंदा राष्ट्राध्यक्षांची निवडणूक आहे, त्यामुळे पाट्यांचं पीक असं आलंय की गावात माणसांपेक्षा उमेदवार जास्त वाटावेत. सकाळी दुकानाकडे गाडी काढली की दोन्ही बाजूंनी नावंच नावं अंगावर येतात. शेजारच्या सीटवरून सुमन विचारते, "काय, हात शिवशिवतोय का?" मी म्हणतो, "छे!" ती खिडकीकडे तोंड करून हसते. सव्वीस वर्षांच्या संसारात माझ्या 'छे'चा अर्थ तिला पाठ झालाय.

तीन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर माझ्या आडनावाच्या पाट्या होत्या. जगताप. पिवळ्यावर काळी अक्षरं, कारण तिसऱ्या रंगाचे छापणारा जास्त मागत होता आणि मी दिले नाहीत. त्यांतली एक अजून दुकानात आहे. मिगेल, माझा कारागीर, तिच्यावर सांधे भरायचं सिमेंट कालवतो. 'जग'च्या जागी आता राखाडी ढेकूळ आहे, पण 'ताप' स्पष्ट दिसतो. सुमन म्हणते, हेच खरं नाव.

त्या पानगळीचा वास मला वेगळा आठवतो. ओल्या मेपलच्या पानांचा, छापखान्याच्या शाईचा, कुणाच्या तरी धुराड्यातून येणाऱ्या लाकडाचा, आणि या सगळ्यात मिसळलेला आमच्या स्वयंपाकघरातल्या भाजणीचा. दिवाळी मतदानाच्या आदल्या आठवड्यात होती. आजही कुठे पानं गोळा करायच्या यंत्राची घरघर ऐकली की मला वाटतं, आता कुणीतरी दार उघडेल आणि मला त्याला पटवायचंय.

माझं फरशी आणि ग्रॅनाइटचं दुकान एका ओढ्याच्या काठाशी आहे. या देशात आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात फरश्यांचे खोके उचलत होतो. पाठीचा एक मणका त्या दुकानाला देऊन मी हे दुकान घेतलं. ओढ्यावर काउंटीचा एक जुना छोटा पूल होता. एका वसंतात काउंटीची माणसं आली, पुलावर नारिंगी पिंपं उभी केली आणि पाटी लावली: दुरुस्तीसाठी सहा आठवडे बंद. सहा आठवड्यांचे सहा महिने झाले, मग दोन वर्षं झाली. पिंपांभोवती गवत आलं, एका पिंपात पाखरांनी घरटं केलं, त्या घरट्यातून दोन पिढ्या उडून गेल्या. पलीकडच्या काठावरून माझ्याकडे यायला दोन मिनिटं लागत. आता वळसा घालून पंचवीस लागायला लागली. न्हाणीघराची फरशी बघायला पंचवीस मिनिटं कोण येतं? मी दोन माणसं कमी केली, मिगेल त्यांतलाच एक. दोघांनाही मीच काम शिकवलं होतं. पूल आणखी फार काळ बंद राहिला असता, तर तिसरा माणूस मीच होतो.

काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग. तिचं एक निवडून दिलेलं बोर्ड असतं आणि महिन्यातून एकदा त्याची सभा. सभेत कुणालाही बोलता येतं, पण तीन मिनिटं. बोलायच्या उंच टेबलावर तीन दिवे असतात, रस्त्यावरच्या सिग्नलसारखे. हिरवा लागला की सुरू करा, पिवळा लागला की आवरा, लाल लागला की बसा. मी सात मुद्दे लिहून नेले होते. दुसऱ्यावर होतो तेव्हा लाल लागला आणि माइक बंद झाला.

माझा आवाज तसा माइकवाचून चालणारा आहे. मी तिसरा मुद्दा सुरू केला. मधल्या खुर्चीतून बोर्डाचे अध्यक्ष फ्रँक, गुबगुबीत, हसरे, चष्मा कपाळावर, म्हणाले, "थँक यू, सर. वी अप्रिशिएट यू." आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

आभार मानून खाली बसवणं हा अपमानाचा फार सभ्य प्रकार आहे. शिवी दिली असती तर मला शिवी देता आली असती. आता अप्रिशिएट करणाऱ्याला काय म्हणायचं? घरी येईपर्यंत मी गाडीत उरलेले पाच मुद्दे मोठमोठ्याने बोललो. लोक लोणचं मुरवतात तसा मी राग मुरवतो, आणि ती बरणी आजही फडताळात आहे.

त्या मे महिन्यात अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे सासरे, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. इकडे सगळ्यांचेच आईवडील असे ऋतूसारखे येतात. कुणी नातवंडं सांभाळतं, कुणी खिडकीशी बसून गाड्या मोजतं. अण्णा जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. लग्न ठरवताना त्यांनी मला विचारलं होतं, "फरश्या विकणार म्हणजे नक्की काय करणार?" तेही बरणीत आहेच. पण माझ्या सात मुद्द्यांचा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले,

"जावईबापू, ओरडून पूल होत नाही. फाइल कुठे अडलीय ते बघा."

"इथे फाइल नसते अण्णा. सगळं कॉम्प्युटरवर."

"मग कॉम्प्युटरमध्ये अडली असेल. अडायला जागा लागतेच."

दुसऱ्या दिवसापासून ते डबा घेऊन गावच्या लायब्ररीत जायला लागले. काउंटीचं अंदाजपत्रक तिथे कुणालाही बघता येतं. कुणी बघत नाही, एवढंच. मानेभोवती मफलर, एसी फार म्हणून, आणि हातात पेन्सिल. चौथ्या दिवशी त्यांनी मला दुकानात फोन केला. मी कधीच त्यांचा आवाज इतका आनंदी ऐकला नव्हता. "सापडलं! पुनर्विनियोजन!" मला वाटलं औषधाचं नाव. मग त्यांनी समजावलं. पुलासाठी ठेवलेला निधी बोर्डाने एका ओळीच्या ठरावाने दुसरीकडे वळवला होता. कुठे? तर काउंटीच्या कचेरीसमोरच्या कारंज्याला. काम दिलेलं, पण इतर कुणाचे दर मागवल्याची नोंदच नाही.

ते कारंजं मी पाहिलं होतं. त्या सभेच्या दिवशी त्याच्याच कठड्यावर बसून मुद्दे घोकले होते. छान उडत होतं.

"आता मी जातो आणि..." मी किल्ल्या उचलल्या.

"बसा," अण्णा म्हणाले. "साध्या माणसाला तीन मिनिटं देतात ना? उमेदवाराला किती देतात?"

असा मी उभा राहिलो. अर्जावरच्या सह्या दुकानात येणाऱ्या प्लंबरांनी आणि सुतारांनी दिल्या. पक्ष नाही, झेंडा नाही. मागण्या तीन. कुठल्याही कामाचे दर उघड मागवा. रस्ते-पुलांचा पैसा सभेत चर्चा केल्याशिवाय हलवू नका. आणि माणसाला पाच मिनिटं बोलू द्या. सुमनने विचारलं, "यात आपला पूल कुठाय?" मी म्हटलं, तिन्हींत आहे.

दारोदार हिंडण्याचं मला भय नव्हतं. विकणं हेच माझं आयुष्य. गंमत अशी की माणसाच्या चेहऱ्याआधी माझी नजर त्याच्या पायरीकडे जाते. "तुमच्या मताची गरज आहे" म्हणायच्या ऐवजी माझ्या तोंडून निघे, "ही कडेची फरशी हलतेय, हिवाळ्यात पाणी शिरेल." त्या महिन्यात मी किती मतं मिळवली ते माहीत नाही, पण चार न्हाणीघरं आणि एका स्वयंपाकघराचा ओटा मिळवला. कुत्री भुंकत. कुणी म्हणे, नुकतेच जेवायला बसलोय. कुणी दाराच्या काचेतूनच हात हलवे. पाटी लावू देतो म्हणणाऱ्याशी मी दोन पाट्यांची घासाघीस करायचो. एक तर सगळेच देतात.

पलीकडच्या काठावर डोरथी राहायची. सत्तरीची, निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर. तिने दार उघडून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तू तोच ना, माइक बंद झाल्यावर बोलत राहणारा?" ती त्या सभेला होती. तिची बहीण ओढ्याच्या आमच्या बाजूला राहते, गुडघ्यांनी अधू. पूल होता तेव्हा डोरथी रोज चालत सूप घेऊन जायची. "आता रविवारीच जाते," ती म्हणाली, "आणि सूप गार होतं." तिने पाटी हिरवळीवर नाही लावली; थेट पुलाच्या पिंपाला बांधली. ते नियमात बसत नव्हतं. मी गाठ घट्ट बसलीय ना, तेवढं पाहिलं.

आणि मग गणपती. दर वर्षी मंडळ एका शाळेचा हॉल भाड्याने घेतं. पुण्याचे, नागपूरचे, मुंबईचे, सगळे झब्बे-साड्यांत. मी आरतीनंतर पंधरा मिनिटं मराठीत भाषण केलं. कारंज्यावर तर असा घसरलो की मुलंसुद्धा हसली. टाळ्या थांबेनात. मसालेभाताच्या रांगेत लोक येऊन हात दाबत होते. "काका, कडक!" "जगतापकाका, नक्की हं!" मी मनातल्या मनात बेरीज केली. तीनशे माणसं! मोदक खाताना मी बोर्डावर बसलेलो होतो. फ्रँकच्या शेजारची खुर्ची, थोडी उंच.

अण्णा पेन्सिल काढून जवळ आले. "यांत मतदार किती?"

"सगळेच तर आहेत."

"विचारा."

विचारलं. मंदार, सॉफ्टवेअरवाला, ज्याने सर्वांत जोरात शिट्टी मारली होती, म्हणाला, "काका, मी एच-वन व्हिसावर आहे ना." पुढचा म्हणाला, ग्रीन कार्डचं सहा वर्षं झाली पेंडिंग आहे. त्याच्यापुढची म्हणाली, आम्ही एडिसनहून आलोय, दुसऱ्या काउंटीतून, फक्त जेवायला. बाकी अर्धे अण्णांसारखे, सहा महिन्यांचे आईवडील. हॉलच्या शेवटच्या टेबलापर्यंत पोचलो तेव्हा अण्णांच्या कागदावर एकोणीस रेघा होत्या.

"अरे मग टाळ्या कशाला वाजवल्यात?" मी खेकसलो.

मंदार गोंधळून म्हणाला, "भाषण छान होतं."

मी आठवडाभर दुकानात खोके आपटत होतो. त्यांच्यावर रागावलो असं मला वाटत होतं. पण खरं सांगायचं तर मी स्वतःवरच चिडलो होतो. मला सिटिझन होऊन बारा वर्षं झाली होती. त्याआधी मीही त्याच रांगेत होतो, टॅक्स भरत, पोस्टाची पेटी दिवसातून दोनदा उघडत. रांगेतून पुढे गेलेला माणूस मागे वळून बघत नाही, हे मी दुसऱ्यांबद्दल फार बोललोय.

अण्णांनी तोवर सभेचे नियम वाचून काढले होते. एका संध्याकाळी जेवताना म्हणाले, "मत देता येत नाही हे कळलं. पण सभेत बोलायला मतदार असावं लागतं असं कुठे लिहिलेलं नाही. 'कोणीही व्यक्ती' असं आहे."

सुमनची पोळी तव्यावरच राहिली. "म्हणजे प्रत्येकाला तीन मिनिटं?"

"प्रत्येकाला तीन मिनिटं."

ऑक्टोबरच्या सभेला सत्तावीस जण आले. बहुतेक ऑफिसातून सरळ, गळ्यात ओळखपत्रं तशीच. भिंतीपाशी एक रांग लागली, ती दाराबाहेर कारंज्यापर्यंत गेली. अण्णांनी मला शपथ घातली होती: "तुम्ही उमेदवार. तुम्ही तोंड उघडायचं नाही." मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. शेजारी डोरथी विणकाम घेऊन बसली होती.

पहिला मंदार. हिरवा दिवा लागला. फ्रँकने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि हसत विचारलं, "तुम्ही या काउंटीचे मतदार आहात?"

"नो सर," मंदार म्हणाला. "मी इथे फक्त टॅक्स भरतो."

सगळा हॉल हसला. डोरथीचा टाका चुकला.

मग हे सगळे एकामागून एक आपापल्या ऑफिसच्या भाषेत बोलायला लागले. पुलाचा प्रोजेक्ट प्लॅन कुठाय? डेडलाइन हुकली तेव्हा कुणाला कळवलं? सहा आठवड्यांचा अंदाज कुणी दिला, आणि तो माणूस अजून नोकरीत कसा? आमच्याकडे असतं तर पहिल्या सोमवारी बाहेर. एका मुलीने कागदावर आलेख काढून आणला होता. तो बोर्डाच्या सगळ्यात टोकाच्या सभासदाने मागून घेतला. कुणीच आवाज चढवला नाही. पिवळा लागला की आवरत होते, लाल लागायच्या आत थँक्यू म्हणून बसत होते. वी अप्रिशिएट यू म्हणायची संधीच ते फ्रँकला देत नव्हते. मला कळेना, की माझ्या सात मुद्द्यांनंतरही बोलायचं एवढं कसं काय उरलं होतं.

सत्ताविसावे अण्णा. मफलर, कोट, इस्त्रीची पँट. त्यांनी माइक खाली ओढला आणि शाळेत शिकलेल्या इंग्रजीत सावकाश म्हणाले, "मी व्हिजिटर आहे. नोव्हेंबरमध्ये परत जाणार. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली. मला एवढंच विचारायचंय: पुलाची फाइल आज कुणाच्या टेबलावर आहे?"

आणि ते तिथेच उभे राहिले. हिरवा दिवा लागलेला. सभासद आपापले कागद चाळायला लागले. शेवटी मागच्या भिंतीशी बसलेला काउंटीचा इंजिनीअर उठला. बिचारा दोन वर्षं तसाच बसला असावा. म्हणाला, "सर, नकाशे तयार आहेत. फाइल बोर्डाच्याच टेबलावर आहे."

अण्णांनी मान डोलावली, म्हणाले, "थँक यू. आय अप्रिशिएट," आणि उरलेली अडीच मिनिटं तिथेच ठेवून खाली आले.

दिवाळीच्या सकाळी फ्रँक दुकानात आले. काळ्या ग्रॅनाइटच्या लादीवरून हात फिरवत म्हणाले, पुलाचं वसंतात काहीतरी होईल. आमच्यात एक समजूत झाली तर. शेवटच्या आठवड्यात कारंज्याचा विषय तेवढा सोडावा. मी सुमनची चकली पुढे केली. आयुष्यात पहिल्या भावाला मी कधी हो म्हटलेलं नाही. "पूल, आणि उघड दर, आणि पाच मिनिटं," मी म्हटलं. ते म्हणाले, पूल देऊ शकतो, बाकीचं माझ्या एकट्याच्या हातात नाही. पूल! मला जो हवा होता तोच. एका 'हो'वर दुकान वाचत होतं. पण फक्त पूल घेतला असता, तर मंदारला काय सांगायचं होतं? की तुझी तीन मिनिटं मी माझ्या दुकानासाठी विकली?

"मग सौदा नाही," मी म्हटलं, आणि ते गेल्यावर मागच्या खोलीत जाऊन एका फुटक्या फरशीचे आणखी आठ तुकडे केले.

हरलो. चांगला दणदणीत हरलो. बाकीच्या काउंटीत मला कुणी ओळखत नव्हतं. पण ओढ्याच्या दोन्ही काठांवर मात्र मी पहिला आलो होतो, आणि ही गोष्ट फ्रँकने बरोबर वाचली. अण्णांना विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "फरश्या विकता म्हणजे काय करता, ते आत्ता कळलं." मी त्यांची बॅग वजनकाट्यावर ठेवली. बरणीतलं एक लोणचं तिथेच संपलं.

पुढच्या अंदाजपत्रकात पूल आला. उघड दरांचा नियम आला. आणि बोलायला तीनाची चार मिनिटं झाली. मी पाच मागितली होती, ते तीनवर होते. चार म्हणजे पटलेला भाव. पूल पुरा झाला त्या दिवशी डोरथी सुपाचं पातेलं घेऊन पहिली चालत गेली, मी रिकामाच तिच्यामागे. मिगेलला मी त्याच आठवड्यात फोन केला.

राहता राहिला फलक. नव्या पुलावर अध्यक्ष आणि बोर्डाची नावं कोरलेली ग्रॅनाइटची लादी बसवायची होती. नियम आमचाच, तेव्हा दर उघड मागवले गेले. मी असा दर भरला की दुसऱ्या कुणाला परवडूच नये. सुमन म्हणाली, "ज्याने माइक बंद केला त्याचं नाव आपल्या दुकानात कोरणार? स्वस्तात?" मी म्हटलं, "हो. चांगलं खोल कोरणार."

मिगेलने ते सुंदर कोरलं. मग मी लादी उलटवली आणि त्याला दुसरा कागद दिला. त्याने तो उलटासुलटा करून बघितला. "बॉस, हे काय लिहिलंय?"

"सत्तावीस आडनावं. ही बाजू सिमेंटात जाणार आहे. नीट काढ."

आता रोज सकाळी त्या पुलावरून जातो. फ्रँकचं नाव उन्हात चकाकतं आणि माझी कानशिलं अजूनही तापतात. मंदारला यंदा ग्रीन कार्ड मिळालं; मताला अजून पाच वर्षं. परवा पुलावर असतानाच त्याचा फोन आला, "काका, पुढच्या वर्षी उभे राहताय का?" मी म्हटलं, "छे!" शेजारी सुमन हसली. पूल संपला, आणि मला आठवलं, की काउंटीने त्या दगडाच्या एकाच बाजूचे पैसे दिलेत. दुसरी बाजू आमची आहे.